दुकानातल्या समुद्राच्या चित्राबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात आमचं फ्रेमचं दुकान आहे. भिंतीवर स्वामी समर्थ, सिद्धरामेश्वर, विठ्ठल-रुक्मिणी, कुणाचे तरी वारलेले आजोबा आणि न्यायला कुणी न आलेली दोन लग्नाची जोडपी, अशी गर्दी. त्या गर्दीत काउंटरच्या मागे जलरंगातलं एक चित्र आहे. कोकणातलं, किनाऱ्यावरचं गाव. माझे काका शाळेत ड्रॉइंग मास्तर होते, त्यांनी काढलेलं. पट्टी निवडायला आलेलं गिऱ्हाईक पट्टी हातात धरून त्या चित्रापुढे थबकतं आणि विचारायला लागतं. पंचवीस-तीस वर्षं तीच तीच उत्तरं देतोय, म्हणून एकदाची लिहून काढली. क्रम माझा नाही, लोक ज्या क्रमाने विचारतात तोच ठेवलाय.

अण्णा, हे चित्र अर्धवट राहिलंय का?

नाही. दिवसातून एकदा तरी हे विचारलं जातंच, म्हणून पहिला मान याचा. पंधरा बाय बावीस इंचाचा कागद आहे, म्हणजे इम्पीरियल शीटचा अर्धा, आणि त्यातला निम्म्याच्या वर कोराच आहे. खाली डावीकडे जांभ्या दगडाचा गडगा, त्यामागे चार-पाच कौलारू घरं, तीन माड, वाळूवर ओढून ठेवलेली एक होडी, तिच्या शेजारी वाळत टाकलेलं जाळं आणि वर निळ्या रंगाचे तीन आडवे फटकारे. एवढंच. वाळू रंगवलेलीच नाही. होडीखालची सावली मात्र एका दमात ओढलेली आहे, आणि त्या सावलीमुळे भोवतालच्या कोऱ्या कागदाची वाळू होते. सावली बोटाने झाकून बघा, होडी अधांतरी लोंबायला लागते आणि वाळूचा पुन्हा कागद होतो. (बोट लांबूनच धरा. काच मला पुसावी लागते.)

यात समुद्र कुठंय?

ते तीन फटकारे म्हणजे समुद्र. सगळ्यात वरचा गडद आहे आणि जवळजवळ कोरड्या ब्रशने मारलाय. कागद खरबरीत असल्यामुळे रंग फक्त उंचवट्यांना लागला, खळग्यांत उतरलाच नाही, म्हणून मधे मधे पांढरे कण राहिले. लांबून बघितलं की तेच उन्हात चकाकणारं पाणी. मधला फटकारा ओला आहे, त्याची खालची कड विरघळल्यासारखी झालीय. तिसऱ्यात रंग नावाला आणि पाणीच जास्त. वाळूवर येऊन जिरणारं पाणी ते. कॅलेंडरवरच्या समुद्रात प्रत्येक लाटेला बारकाईने फेस काढलेला असतो आणि तरी तो समुद्र थिजलेल्या तुपासारखा दिसतो. काकांचा हलतो. यावर माझ्याशी वाद घालणारे आहेत, पण तेही पाच मिनिटं उभे राहून घालतात.

आणि आकाश? तिथं तर काहीच नाही.

आकाशाचं उत्तर खाली फ्रेमच्या प्रश्नात दिलंय. ते मला हसत हसत देता येत नाही.

घरं अशी वाकडी का? माझा चौथीतला पोरगासुद्धा काढेल.

काढू दे, कागद मी देतो. पण आधी एक सांगा, तुमच्या अंगावरच्या चादरीवर मोर आहे ना? सोलापुरी चादरीवरच्या मोराला सावली नसते, जाडी नसते, लांबचा मोर लहान आणि जवळचा मोठा असंही नसतं. जॅकार्ड या नक्षी विणायच्या मागावर विणलेला, पायऱ्या पायऱ्यांच्या कडांचा तो सपाट मोर. आजवर कुणी मागवाल्याला विचारलं नाही की तुझा मोर खरा का दिसत नाही. तो कापडावरचा मोर आहे हे सगळ्यांनी मान्य केलेलं असतं. काकांची घरं तशीच, कागदावरची आहेत. डावीकडच्या घराचं छप्पर वरून बघितल्यासारखं आहे आणि भिंत समोरून. दोन घरांच्या मधली गल्ली गायबच केलीय, म्हणून लाल छपरं एकमेकांवर चढलेली दिसतात.

यात काकांनी नवीन शोध लावला अशातला भाग नाही. पॉल सेझान हा फ्रेंच चित्रकार भूमध्य समुद्राकाठच्या लेस्ताक या गावी राहायचा. १८७६ साली तिथून त्याने पिसारो या आपल्या वडीलधाऱ्या चित्रकार मित्राला कळवलं होतं की इथलं सगळं पत्त्याच्या पानासारखं आहे, निळ्या समुद्रावर लाल छपरं. उन्हाचा झोत इतका असतो की वस्तूंची गोलाई जाते आणि नुसते रंगाचे सपाट तुकडे उरतात. मे महिन्यात बारा वाजता आपल्या गच्चीवर उभे राहून गल्लीतल्या पत्र्यांकडे बघा, सेझान काय म्हणत होता ते समजेल.

मग मॉडर्न आर्ट म्हणजे हेच का? मला वाटलं, कळत नाही ते मॉडर्न.

असं म्हणणारे एक वकीलसाहेब आमचे कायमचे गिऱ्हाईक आहेत, त्यामुळे जपून उत्तर देतो. माझ्या समजुतीप्रमाणे, चित्र म्हणजे खिडकी आहे असं नाटक करायचं बंद केलं तिथून आधुनिक चित्र सुरू झालं. कागद कागदासारखा दिसू दे, ब्रशचा फटकारा फटकाऱ्यासारखा, आणि तरीही बघणाऱ्याच्या नाकात खारा वारा जाऊ दे. सेझानच्या उतारवयातल्या जलरंगांत कितीतरी कागद कोरा असतो, तोही मुद्दाम.

किनाऱ्यावरच्या गावांच्या बाबतीत मला सगळ्यात जवळचा वाटतो तो अमेरिकेतला जॉन मरीन (१८७०–१९५३). तिकडच्या ईशान्य टोकाला मेन नावाचं राज्य आहे, खडकाळ किनारा, बेटं, मासेमारांची वस्ती. १९१४ मध्ये तो तिथे पहिल्यांदा गेला आणि पुढे जन्मभर उन्हाळ्यात जात राहिला. वारलाही तिथेच. त्याचं मुख्य हत्यार जलरंग. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९३६ मध्ये त्याचं मोठं प्रदर्शन भरवलं, म्हणजे तैलरंगालाच खरी चित्रकला समजायच्या काळात कागदावरच्या पाण्याला हा मान मिळाला. फ्रेमवाला म्हणून मला त्याची एक गोष्ट फार आवडते. तो पुष्कळदा चित्राच्या आतच जाड तिरप्या रेषा ओढून समुद्राला चौकट घालायचा, आणि बाहेरची लाकडी फ्रेमही स्वतः रंगवायचा. असं गिऱ्हाईक आलं तर आमचा धंदा बसेल, पण येऊ दे.

आपल्याकडे मुंबईत १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप निघाला. सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे, बाकरे. त्यातले हुसेन जन्माने आपल्या जिल्ह्यातले, पंढरपूरचे. पंढरपूरला जाणाऱ्या दहांतल्या नऊजणांना हे मी सांगेपर्यंत माहीत नसतं. रझा पुढे ‘बिंदू’च्या चित्रांमुळे नावाजले गेले, पण पॅरिसला जायच्या आधी ते मुंबईचे रस्ते आणि डोंगरउतार जलरंगात रंगवत होते. काकांचं दैवत मात्र वेगळं होतं: प्र. अ. धोंड. जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे अधिष्ठाता, कोकणी माणूस, आणि जलरंगात समुद्र रंगवावा तर त्यांनी. काका त्यांचं नाव घेताना खुर्चीत सावरून बसत.

वॉटर कलर म्हणजे शाळेतला रंगच ना? मोठ्या चित्रकारांचे ऑइलचे असतात.

तुमच्या घरात किंवा शेजाऱ्यांकडे एक चित्र नक्की असेल: हातात दिवा घेतलेली बाई, बोटांतून झिरपणारा उजेड. महिन्याला एक तरी प्रिंट फ्रेमला येते आणि आणणारा सांगतो, ‘रविवर्म्याचं आहे, जपून.’ ते रविवर्म्याचं नाही. सावंतवाडीत जन्मलेल्या सा. ल. हळदणकरांचं आहे, म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये मूळ चित्र आहे, आणि ते जलरंगातलं आहे. एवढं ऐकलं की शाळेचे रंग म्हणणारा गप्प होतो.

रंगाची भुकटी आणि डिंक, त्यात किंचित मध किंवा ग्लिसरीन, हा जलरंगाचा सगळा मसाला. डिंक तोही बाभळीच्या कुळातल्या झाडाचा. म्हणजे कच्च्या मालाच्या बाबतीत सोलापूरने न्यूनगंड बाळगायचं कारण नाही. तैलरंगात चूक झाली की खरवडून वरून पुन्हा रंगवता येतं. जलरंगात तुम्ही काय केलंत ते कागद विसरत नाही.

पांढरा रंग वापरलाच नाही का?

नाही. कागद आहे की. जाळ्याच्या दोऱ्यांसाठी मात्र काकांनी ओला रंग ब्रशच्या दांड्याच्या टोकाने खरवडलाय. जवळून बघितलं तर ओरखडे दिसतील.

गाव कुठलं?

देवगड आणि मालवणच्या मधलं. काका नाव सांगायचे नाहीत. विचारलं की म्हणायचे, ‘गाव ओळखता आलं असतं तर मी फोटोच काढला असता.’ मालवणकडचे एक बँकेतले साहेब बदली होऊन इथे आले होते. त्यांनी चित्र बघून छातीठोकपणे गावाचं नाव सांगितलं. पुढच्या वर्षी वेंगुर्ल्याच्या बाई आल्या, त्यांनीही तितक्याच ठामपणे वेगळं सांगितलं. दोघांनाही होय म्हणालो.

होडीच्या बाजूला ते आडवं लाकूड कसलं?

उलांडी. होडी कलंडू नये म्हणून दोन वाशांनी बाजूला बांधलेला ओंडका. वाळूवर पडलेलं जाळं बहुधा रापणीचं. रापण म्हणजे होडीने समुद्रात अर्धगोल जाळं टाकायचं आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसांनी ओढत आणायची. वीस-पंचवीस माणसं लागतात. चित्रात एकही माणूस नाही, याचा अर्थ मासे वाटून सगळे घरी गेलेत.

काकांनी हे तिथेच बसून काढलं की घरी येऊन?

तिथेच, मे महिन्याच्या सुट्टीत, एका मित्राच्या घरी आठ दिवस राहून. रोज सकाळी त्याच जागी बसायचे आणि रोज समुद्र वेगळ्या जागी असायचा. भरती-ओहोटी दिवसातून दोनदा होते आणि तिची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. हे त्यांना माहीत नव्हतं, सोलापूरच्या माणसाला कुठून माहीत असणार. पहिल्या दिवशी होडी कोरड्यावर होती, चौथ्या दिवशी त्याच वेळेला तिच्या बुडाला पाणी लागलं. तोवर सहा कागद फुकट गेले. हा सातवा. वीस मिनिटांत झाला, असं ते सांगायचे. मी म्हणतो वीस मिनिटं आणि सहा कागद.

सोलापुरात बसून असं चित्र जमेल का?

जमेल, पण हवेशी भांडावं लागेल. या प्रश्नावर मी स्वतः फार वर्षं घालवली आहेत, त्यामुळे जरा सविस्तर.

आपली कडक भाकरी महिनाभर टिकते, कारण आपल्या हवेत ओल नसते. कोकणात पावसाळ्यात पापड डब्यातून काढला की ताटात येईपर्यंत मऊ पडतो. जलरंगाला पापडाची हवा लागते आणि आपल्याकडे आहे भाकरीची. एप्रिलमध्ये पारा बेचाळीसला असताना आकाशासाठी निळा हात मारायला घ्या. ब्रश उजव्या टोकाला पोचायच्या आत डावं टोक वाळलेलं असतं. मग परत तिथे ओला ब्रश लावलात की कड पडते, किंवा फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग फुलतो. काकांच्या चित्रात मधला निळा खालच्या वाळूत जो अलगद विरघळलाय ना, तो कोकणच्या दमट हवेने दिलेला वेळ आहे. तेवढा वेळ सोलापूर देत नाही.

उपाय आहेत. पहाटे साडेपाच ते साडेसात, त्यानंतर ब्रश धुऊन ठेवायचा. कागद दोन्ही बाजूंनी चांगला भिजवायचा आणि ओल्या फरशीवर किंवा काचेवर चिकटवून काम करायचं, म्हणजे खालून ओल मिळत राहते. रंगाच्या पाण्यात ग्लिसरीनचे एक-दोन थेंब, जास्त नको, नाहीतर चित्र आठवडाभर चिकचिकतं. आणि कूलर. वाळ्याच्या किंवा लाकडाच्या किसाच्या ताट्या लावलेला पाण्याचा कूलर खोलीतली ओल वाढवतो. मात्र त्याच्या झोतात बसायचं नाही, वाऱ्याने रंग आणखी लवकर वाळतो. कूलर दाराकडे तोंड करून लावायचा आणि आपण कोपऱ्यात. बायको म्हणते, घरात माणसं उकडून मरतायत आणि कूलर कागदाला लावलाय. तिचं बरोबर आहे.

सगळ्यात चांगला उपाय ऑगस्ट-सप्टेंबर. पाऊस आला तर.

दुसरा मार्गही आहे, तो मला उशिरा सुचला. आपली हवा वापरायची. कोरड्या ब्रशचा तो वरचा फटकारा सोलापुरात जसा मस्त येतो तसा मालवणात येणार नाही.

कागद आणि रंग कोणते घेऊ?

कागदावर पैसे घाला, रंगावर नंतर. शुद्ध कापसाचा, तीनशे जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तीनशे ग्रॅम वजनाचा), खरबरीत कागद मागा. सोलापूरकराला समजावायला सोपं आहे: ताणा मागावर चढवायच्या आधी सुताला कांजी देतात, तशी चांगल्या कागदाला जिलेटिनची कांजी दिलेली असते. ती असली की रंग वर थांबतो, हलवता येतो. स्वस्तातल्या ड्रॉइंग शीटवर ती नीट नसते, रंग टिपकागदासारखा शोषला जातो आणि पोरांना वाटतं आपल्या हातातच कला नाही.

रंग काकांनी चारच वापरलेत. अल्ट्रामरीन, प्रशियन ब्लू, यलो ऑकर आणि बर्न्ट सिएना. अल्ट्रामरीनचे कण जड असतात, ते कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात, म्हणून होडीच्या सावलीत रवा दिसतो. तोच निळा आणि बर्न्ट सिएना मिसळला की करडा मिळतो, काळ्या ट्यूबची गरज पडत नाही. जांभा आणि कौलं सिएनाचीच, पाणी कमी-जास्त करून.

पाचवा रंग होता. तो आता नाही.

समुद्र नाही, मग सरावाला बसायचं कुठं?

सिद्धेश्वर तलावावर सकाळी. पाण्यात देवळाचं प्रतिबिंब असतं तोवर. हिप्परग्याचा तलाव आहे. आणि एकदा तरी उजनीच्या पाण्याकाठी जा. पाणी भरलेलं असताना काही ठिकाणी पलीकडचा काठ पुसट होतो, होड्या असतात, जाळी वाळत असतात, हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. खारा वास तेवढा नाही.

आमच्याकडे असं चित्र आहे, फ्रेम कशी करायची? आणि त्या आकाशाचं काय झालं?

काच आणि कागद यांच्यात माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, हवाच. काचेला कागद टेकला की ओल धरते, बुरशी येते, रंग काचेला चिकटतो. माउंटचा पुठ्ठा ॲसिड-फ्री, म्हणजे आम्ल नसलेला, घ्या, साधा घेतलात तर काही वर्षांत कागदावर तपकिरी चौकट उमटते. मागे सेलोटेप लावू नका, गव्हाच्या खळीने पातळ कागदाच्या दोन पट्ट्या वरच्या बाजूला पुरतात, खाली कागद मोकळा सोडायचा. आणि उन्हासमोर कधीही टांगू नका.

हे शेवटचं वाक्य मी गिऱ्हाइकांना सांगतो तेव्हा माझी मान खाली असते. दुकान मी हातात घेतलं तेव्हा हे चित्र कौतुकाने दारासमोरच्या भिंतीवर लावलं. दार पश्चिमेला. दहा-बारा वर्षं रोज संध्याकाळचं ऊन त्यावर पडत होतं. लोक विचारायचे, आकाश कोरं का? आणि मी ऐटीत सांगायचो, बघा, मास्तरांनी आकाश सोडून दिलं, हीच तर आधुनिक दृष्टी, सेझान, मरीन, सगळं सांगायचो. काका तोवर वारले होते.

मग एका पावसाळ्यात काचेला तडा गेला म्हणून फ्रेम उघडली. माउंट उचलला. कडेने, माउंटखाली झाकलेल्या अर्ध्या इंचाच्या पट्टीत, आकाश गुलाबी होतं. फिकट, पहाटेचं, समुद्राच्या रेषेकडे येताना किंचित नारिंगी होत जाणारं. चित्रात ते कुठेच उरलं नव्हतं. लाल-गुलाबीतले काही रंग उन्हाला टिकत नाहीत, क्रिमसनच्या जुन्या जाती तर अजिबात नाहीत. काकांनी शाळेच्या पगारात परवडेल ती डबी आणलेली असणार.

वाळू त्यांनी सोडली होती. ती माउंटखालीही कोरीच आहे, मी नीट बघितलं. आकाश मात्र आपल्या उन्हाने खाल्लं, आणि त्यावर मी दहा वर्षं व्याख्यानं दिली.

ते गुलाबी आकाश पुन्हा रंगवून घेत नाही का?

नाही. एका ओळखीच्या चित्रकाराने तयारी दाखवली होती. मी चहा पाजून परत पाठवलं.

विकायचंय का?

नाही. फोटो काढा, फ्लॅश नको.

चित्र नीट बघायला कधी यावं?

सकाळी अकराच्या आत. दुपारी एक ते चार दुकान बंद असतं, आणि संध्याकाळी मी त्या बाजूचा पडदा ओढून ठेवतो. गुलाबी पट्टी बघायची असेल तर आधी सांगून या. फ्रेमच्या मागच्या चुका, म्हणजे बारीक खिळे, आता मी पक्क्या ठोकत नाही, पकडीने वाकवून ठेवल्यात. माउंट उचलून दाखवतो, दोन मिनिटं, दार लोटून.